मोजणारीचं घर

बस ड्रॅगन मार्टच्या वळणावर आली तेव्हा मोबाइलने शोभना कुबलला सांगितलं, की कुबल नावाचं कुणी सापडलं नाही. तिला आधी हसूच आलं. सरकारी कागदात तिच्या आडनावाचं कुंबल झालं होतं, कुबळ झालं होतं, एका पत्रात तर सरळ काबूल छापलं होतं. ते पत्र तिने अबुधाबीला जाऊन शिंपजुव्याच्या माणसांना दाखवलं तेव्हा ती साइटवरची दमलेली माणसंही पोट धरधरून हसली होती. तिने तिन्ही तऱ्हांनी टाइप करून पाहिलं. मोबाइल आपला एकच हेका धरून बसला. मग तिने शोध बंद केला, चष्मा वर सरकवला आणि यादी पहिल्या नावापासून बोट लावून वाचायला घेतली. बाहेर जानेवारीचं धुकं होतं, इंटरनॅशनल सिटीच्या बुटक्या इमारती दिसेनाशा झाल्या होत्या, आणि शेजारची फिलिपिनो मुलगी हातातल्या आरशात बघून ओठ रंगवत होती. एकेचाळिसाव्या नावाखाली गोल शिक्का होता, सही होती, आणि त्याखाली कोरा कागद. जिन्याला अजून एक पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि ती नसावी, तसं तिचं बोट त्या कोऱ्या जागेवर जाऊन थांबलं. रशिदियाला सगळे उतरले तरी ती बसून राहिली. ड्रायव्हरने ‘यल्ला मॅडम, लास्ट स्टॉप,’ म्हटल्यावर उतरली.

शिंपजुव्याला परत राहायला जाता येणाऱ्या घरांची ही यादी. तिची वाट शोभनाने अर्ध्या जन्माहून जास्त पाहिली होती. शिंपजुवे हे खाडीच्या मुखाशी असलेलं एवढंसं बेट. तिकडे असल्या बेटाला जुवं म्हणतात. एका टोकाहून दुसऱ्या टोकाला हाक जावी एवढं. एकतीस वर्षांपूर्वी वादळात तिथला मातीचा बांध फुटला, भातात खारं पाणी शिरलं, आणि सरकारने लाँचा पाठवून सगळ्यांना किनाऱ्यावर आणलं. तीन महिन्यांसाठी, असं सांगून आणलं. तीन महिन्यांनी बेटाभोवती तारेचं कुंपण पडलं आणि एक बोर्ड लागला. कुठला तरी प्रकल्प होता, तो आला नाही. बोर्ड गंजून पडला, मग नवा बोर्ड लागला, तोही गंजला. माणसं वसाहतीतल्या पत्र्याखाली राहिली, काही मुंबईला गेली, बरीचशी इकडे आखातात आली, आणि शोभनाही आली, बावीस वर्षांपूर्वी, देरात, इथल्या जुन्या बंदरी बाजारात, एका गुजराती व्यापाऱ्याच्या ऑफिसात माल लिहायला. तेव्हापासून तिचा नोकरीबाहेरचा सगळा वेळ त्या बेटाने खाल्ला. इथे चार माणसं जमवून घोषणा देण्याची सोय नाही, म्हणून तिने जे केलं ते कागदावर केलं. माहितीच्या अधिकारातले अर्ज, मंत्र्यांना पत्रं, स्मरणपत्रं, स्मरणपत्रांची स्मरणपत्रं. सुट्टीच्या दिवशी दोन बस बदलून कामगारांच्या कॅम्पांवर जायचं, शिंपजुव्याचा जो कोणी भेटेल त्याला समोर बसवायचं, आणि त्याच्याकडून लिहून घ्यायचं: घर कुठे होतं, विहिरीवर पहिला नंबर कुणाचा असायचा, फणस कुणाचा. मग ते सगळं टाइप करून, वकिलातीत शिक्का मारून, तिकडे धाडायचं. अशी एकशे सोळा प्रतिज्ञापत्रं तिने गोळा केली होती. बेटाच्या लोकांनी काढलेल्या संस्थेची ती अध्यक्ष होती, आणि फ्लॅटमधली शहनाझ तिला चिडवत असे. ‘आपा, इधर तो समंदर में रेत डाल के जज़ीरा बना देते हैं. एक माँग लो ना, पुराने के पीछे क्यों पड़ी हो?’ शहनाझ हैदराबादची, ब्यूटी पार्लरात कामाला, मनाने चांगली. पण तिला कसं सांगायचं, की नवं बेट मिळून काय करू, तिथे माझं कोण बुडालंय?

मेट्रोत बसायला जागा मिळाली. तिने यादीमागचं परिशिष्ट उघडलं, आणि जे व्हायचं ते तिथे झालं. सरकारने यादी काही मनाने बनवलेली नव्हती. वादळानंतरच्या आठवड्यात तलाठ्याने केलेली मूळ नोंद आधाराला धरली होती, आणि त्या नोंदीची छायाप्रत सोबत जोडली होती. रेघी ताव, निळी शाई, डावीकडे किंचित कललेली अक्षरं. ती अक्षरं शोभनाची होती. एकोणीस वर्षांची शोभना, बेटावरची पहिली दहावी पास मुलगी, शाळेच्या पडवीत तलाठ्याशेजारी मांडी घालून बसली होती, कारण तलाठ्याचा चष्मा लाँचेतून पाण्यात पडला होता. ‘घरं सांग आणि लिही,’ तो म्हणाला होता. तिने सांगितली आणि लिहिली. हा कागद तिनेच अकरा वर्षांपूर्वी माहितीच्या अधिकारात बाहेर काढला होता, तिनेच प्रत्येक अर्जाला जोडला होता, आणि प्रत्येक अर्जात तिनेच लिहिलं होतं: सदर बेटावर बेचाळीस कुटुंबे पिढ्यानपिढ्या राहत होती, यादी सोबत जोडली आहे. बेचाळीस लिहायचं आणि एकेचाळिसांची यादी जोडायची. अकरा वर्षं. तिने तो कागद पाहिला नव्हता असं नाही, तिला तो पाठ होता. पण ती तो शिंपजुव्याच्या माणसासारखा वाचत होती, आणि शिंपजुव्याच्या माणसाला एकेचाळीस म्हणजे बेचाळीसच.

बेटावर संध्याकाळी होड्या परत यायच्या तेव्हा कुणी तरी एक पोर पश्चिमेच्या खडकावर चढून त्या मोजायचं. मोजणाऱ्याने आपल्या घराची होडी मोजायची नाही, हा तिथला नेम. आपलं आपण मोजलं की दृष्ट लागते. पोर वरून ओरडायचं, ‘सतरा!’ आणि खाली चुलीपाशी बसलेल्या बायका मनात एक मिळवून अठरा समजायच्या आणि भाताला आधण ठेवायच्या. मोजणाऱ्याचं घर बाकीच्यांनी धरायचं. ते इतकं अंगवळणी पडलेलं, की लग्नातली पानं, देवळातले नारळ, पोलिओचा डोस घेतलेली मुलं, सगळं तसंच मोजलं जायचं, आणि बाहेरून आलेली नर्सबाई एक मूल कुठे गेलं म्हणून बेटभर फिरायची. शोभनाने हा नेम एकदाच मोडला होता. बारा वर्षांची होती. बाबांनी त्या दिवशी होडीला नवा पिवळा रंग दिला होता आणि लांबून ती होडी इतकी ठसठशीत दिसली, की तिने आनंदाच्या भरात ती आधी मोजली, मोठ्याने मोजली, बोट दाखवून मोजली. बाबा त्या दिवशी आले. जेवले. तिला बांगडा तळून खायला घातला. चार दिवसांनी गेले ते आले नाहीत, होडी आली नाही, काहीच आलं नाही. आईने तिला कधी बोल लावला नाही. बोल लावला असता तर ती भांडली असती, दहावीला विज्ञानात एकोणऐंशी मार्क होते तिला. पण आई काहीच बोलली नाही, आणि पुढे सात वर्षांनी शाळेच्या पडवीत तलाठ्याने कागद पुढे केला तेव्हा मागे टेकून बसलेली आई एवढंच हळू म्हणाली, ‘आपला घर मोजू नको गो.’ ती मोजणारच नव्हती. तलाठी घाटावरचा. त्याला कोण सांगणार, की यात एक मिळवायचं असतं?

परेशभाईंच्या ऑफिसात ती वीस मिनिटं उशिरा पोचली. परेशभाई म्हणजे मालक. माणूस तोंडाचा फटकळ, पण बावीस वर्षांत त्यांनी तिच्या कागदात दुसऱ्यांदा डोकावून पाहिलं नव्हतं. ‘शोभनाबेन, बर्बरावाला मॅनिफेस्ट? कॅप्टन तीन बार फोन किया. आज दोपहर निकलेगा, इन्शाल्ला.’ मॅनिफेस्ट, म्हणजे गलबतात चढणाऱ्या मालाची यादी, करणं हे तिचं काम. टायर इतके, फ्रिज इतके, बिस्किटांचे खोके, प्लास्टिकच्या खुर्च्या, एका सोमाली नवरीचा पलंग. यादीत नाही तो माल तिकडे बर्बराच्या बंदरावर उतरत नाही, आणि शोभनाच्या हातून आजवर एक खोका सुटला नव्हता. याचा तिला अभिमान होता, म्हणजे आज सकाळपर्यंत होता. तिने टायर लिहिले, फ्रिज लिहिले, पलंग लिहिला, आणि मग मोबाइल घेऊन जिन्यात जाऊन उल्हासला फोन लावला.

उल्हास संस्थेचा सेक्रेटरी, तिकडे वसाहतीत किराणा दुकान चालवायचा. त्याने पहिल्या रिंगला उचलला. ‘ताई! बघितलंस ना? अगो, गावात पेढे वाटतायत. तू फक्त ती सही करून धाड. पाचच्या आत पायजे, कलेक्टर ऑफिसात माणूस बसवून ठेवलाय मी.’

‘उल्हास, आमचं घर नाही त्यात.’

‘कशात?’

‘यादीत. मोज.’

तो मोजायला लागला. मोठ्याने, एकेक नाव घेऊन. दुकानात कुणी तरी साखर मागितली, त्याला त्याने थांब म्हटलं. एकेचाळीसला तो थांबला. साखर मागणाऱ्याला त्याने नंतर ये म्हणून घालवलं, आणि शोभनाला कळलं की त्यालाही सगळं समजलं, काही सांगावं लागणार नाही. या जगात एवढं न सांगता समजणारी माणसं आता किती उरली होती?

‘मोजणारी तूच होतीस,’ उल्हास म्हणाला.

‘हो.’

‘आणि आम्ही कोणी बोललो नाही. माझा बापूस तिथेच उभा होता. कोणी म्हणालं नाही, आणि हिचं एक.’

‘त्या दिवशी कुणाला सुचणार होतं?’

‘मग आता?’ तो म्हणाला. आणि मग, बिचारा, भराभरा बोलत सुटला. कागदावर सही हवी होती ती अध्यक्षाचीच, म्हणजे तिची, की यादी पूर्ण आणि बरोबर आहे. ती द्यायची, आणि तिचं नाव तो आपल्या घरात घालील, चुलतबहीण म्हणून, पुढेमागे. नाही तर पास आहेच. यादीतल्या घरांना वस्तीची परवानगी, बाकी नातेवाइकांना दिवसाचा पास, सकाळी जायचं, दिवेलागणीच्या आत परत. ‘पाहुणी म्हणून तर तू कधी पण येशील. कोण अडवतोय?’

पाहुणी. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं, ते तिला माहीत होतं. तरी तो शब्द तिला बोचला, आणि तिने ‘बघते,’ म्हणून फोन ठेवला. जिन्यात कुणाच्या तरी जेवणातल्या लसणाचा वास येत होता. तिला एकाएकी प्रचंड राग आला: तलाठ्याचा, त्याच्या पाण्यात पडलेल्या चष्म्याचा, आईचा, त्या मूर्ख नेमाचा, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा. एकशे सोळा माणसांना समोर बसवून विचारलं, तुमचं घर कुठे होतं. स्वतःचं एकशे सतरावं प्रतिज्ञापत्र लिहायचं तिला एकदाही का सुचलं नाही? सुचलं नाही, कारण तिथेही ती मोजणारीच होती. दृष्ट लागेल असं तिने मनात आणलं नव्हतं, पन्नाशीची शिकलेली बाई ती. हात तेवढा आपोआप तसा वागला होता.

ईश्वरीला तिने मेसेज केला आणि ईश्वरीने लगेच फोन केला. ही शिंपजुव्याच्याच एका आजोबांची नात, बेट तिने लांबूनच पाहिलेलं, पण वकील झाली आणि फी न घेता केस चालवत होती. ‘ताई, ऑब्जेक्शन घ्यायचा तुम्हाला फुल राइट आहे. मी दहा मिनिटांत ड्राफ्ट करते. बेचाळीस आकडा तुमच्या प्रत्येक अर्जात आहे, केस स्ट्राँग आहे.’

‘आणि घेतलं तर?’

‘तर फेरचौकशी. पूर्ण यादी परत ओपन. दोन वर्षं, चार वर्षं, सांगता येत नाही. आणि बेटावर डोळा असलेली ती रिसॉर्टवाली कंपनी टपूनच बसलीये ना. कुणी तरी एक हरकत घेतेय का, याचीच ते वाट बघतायत.’

‘आत्ता सही केली आणि नंतर नाव घालायचं म्हटलं तर?’

‘यादी पूर्ण आहे असं तुम्हीच लिहून दिल्यावर? खोटं नाही बोलणार ताई. खलासच समजा.’ उठसूट ‘खलास’ म्हणायची ही आखाती सवय ईश्वरीला शोभनाकडूनच लागली होती.

दुपारी ती डबा घेऊन खाडीवर गेली. धुकं केव्हाच विरलं होतं आणि स्वच्छ ऊन पडलं होतं. इथली खाडी ही खाडीच, खारं पाणी, भरती-ओहोटी, डिझेलचा तवंग, आणि काठाला एकाला एक खेटून उभी असलेली लाकडी गलबतं. बावीस वर्षं ती इथे एका लोखंडी खुंटावर बसून जेवत होती. खलाशी तिला ओळखत, सलाम करत, आणि तिच्याजवळ कुणी बसत नसे. शोभनाने लग्न केलं नाही. एकदा ठरत आलं होतं, पुण्याच्या एका चांगल्या माणसाशी, अबुधाबीत बँकेत होता. त्याने विचारलं, आपण सेटल कुठे व्हायचं? तिने खरं सांगितलं, तर तो हसला, आणि ती थट्टा नव्हती हे कळल्यावर हळूहळू यायचा थांबला. तिला त्याचं फार वाईट वाटलं नाही. बेटावर जायचंय, मग इथे कशाला मांडामांड करायची, असंच तिचं सगळं राहिलं. फ्लॅटमध्ये अजून तिचं कपाट नाही, बॅग आहे. पडदे शहनाझने लावले. बावीस वर्षं एखादी बाई बॅगेतून कपडे काढते आणि बॅगेत ठेवते, हे बाहेरच्याला वेडेपणाचं वाटेल, आणि आज पहिल्यांदा तिलाही ते तसं वाटलं.

तिने घर आठवायला घेतलं. नीट, पहिल्यापासून, एखाद्या कॅम्पातल्या माणसाला समोर बसवून विचारावं तसं. घर कुठे होतं, बाई? विहिरीच्या खालच्या अंगाला. भिंती कसल्या? चिऱ्याच्या, वर माती. दार? दार होतं. रंग कोणता? ती अडली. दाराचा रंग आठवेना. उल्हासच्या बापाच्या दाराचा हिरवा आठवत होता, शाळेचा निळा आठवत होता, एकेचाळीस घरांची एकेचाळीस दारं तिला टाइप केल्यासारखी दिसत होती, कारण ती तिने टाइपच केली होती. स्वतःच्या घराशी आली की नुसतं ‘सदर बेटावर’ असं सुरू व्हायचं. आईचा चेहरा आठवला, पण तो वसाहतीतला. पत्र्याखाली, खाटेवर, डोळ्यांवर पडदा आलेला. ‘तीन म्हयने झाले काय गो?’ असं आई विचारायची, सोळा वर्षं विचारत होती, आणि शोभना दर फोनला सांगायची, होत आले. आई गेली त्या आठवड्यात तिला तिकीट मिळालं नव्हतं. खाडीवरून एक अब्रा, इथली उतारूंची होडी, माणसं भरून पलीकडे गेली, तिच्या लाटा खुंटाखाली येऊन आपटल्या. शोभनाला रडू आलं आणि तिने डबा मांडीवर तसाच ठेवून रडून घेतलं. सही करायची म्हणजे आपल्या हाताने लिहून द्यायचं, की कुबल नावाचं घर त्या बेटावर नव्हतंच. आईचा तिथे संसार झाला नाही, बाबा तिथून समुद्रात गेले नाहीत, पिवळी होडी नव्हती. ती एकटी गळाली असती तर तिने हसून सोडलं असतं, असं तिला वाटलं, आणि लगेच वाटलं, हे खोटं आहे. तिला जायचं होतं. तिला स्वतःला, रात्रीची, भरतीच्या आवाजात, आपल्या जमिनीवर झोपायचं होतं. दुसरं काही तिने आयुष्यात मागितलंच नव्हतं.

आणि हरकत घेतली तर? दौलतकाका आठवले. वय शहाऐंशी, एकेचाळिसांतले अठरावे, बेटावरचे कुबलांचे सख्खे शेजारी. यादी येणार असं कळल्यापासून त्यांनी कोयती, ताडपत्री आणि जाळी एका गोणीत भरून उशाशी ठेवली होती, आणि सुनेने गोणी हलवली तर आरडाओरडा करत होते. येत्या रविवारी पहिली होडी जायची होती. त्यांना फोन करून सांगायचं, काका, चार वर्षं थांबा, आमचं एक घर राहिलंय? ते थांबतील. ते हो म्हणतील, बरोबर आहे तुझं म्हणतील, गोणी सोडतील, आणि मरतील. तिला तो सगळा फोन ऐकू आला. आणि उल्हास काय बोलेल तेही ऐकू आलं, आणि तो तोंडावर काही बोलणार नाही, हेही. चूक ज्यांची होती ते सगळे तिच्याइतकेच निर्दोष होते. भांडायला समोर कुणी तरी लागतं, तिच्यासमोर नुसतं पाणी होतं. शेवटी तिने ठरवलं असं झालंच नाही. भारतात साडेचार वाजले होते, इथे तीन. ती उठली, न खाल्लेला डबा बंद केला आणि ऑफिसात आली.

प्रिंटरने कागद गरम गरम बाहेर टाकला. वरील यादी पूर्ण व बरोबर असून संस्थेची कोणतीही हरकत नाही. खाली अध्यक्ष, आणि टिंब टिंब. तिने पेन घेतलं. परेशभाई समोरून म्हणाले, ‘तबियत ठीक है, शोभनाबेन? चेहरा कैसा हो गया.’

‘ठीक है. बर्बरा का मॅनिफेस्ट आपके टेबल पे है.’

‘देखना पड़ेगा?’

‘नहीं,’ ती म्हणाली, ‘उसमें सब है.’

सही तिने पूर्ण केली, शोभना रामचंद्र कुबल, लांबलचक, बापाच्या नावासकट. तेवढं नाव त्या कागदावर कुठे तरी यायला हवं होतं. मग स्कॅन केला आणि पाठवला. उल्हासने अंगठा पाठवला, मग हात जोडलेले पाठवले, मग काही तरी टाइप करत राहिला आणि ते त्याने पाठवलं नाही. ग्रुपवर गुलालाचे फोटो यायला लागले. अबुधाबीच्या साइटवरून कुणी तरी हेल्मेट उडवतानाचा व्हिडिओ टाकला. सगळे तिचं नाव घेत होते, ताईंमुळे, ताई नसत्या तर. शोभना ते एकेक वाचत होती आणि प्रत्येकाला उत्तर देत होती.

पावणेचारला दौलतकाकांचा फोन आला. त्यांना यादीतलं काही माहीत नव्हतं, ते त्यांच्या आवाजावरून कळत होतं. उल्हासने सांगितलं नव्हतं. मागे ढोल वाजत होता. ‘काय गो बाय, झाला म्हणतत!’

‘झाला, काका.’

‘आयतवारी जातंव. मी चुनो घेतलंय, दोन पिशयो. पयली आखणी, मगे बाकीचा. माज्या घराची जागा माका डोळे मिटून गावतली. पन तुमच्या घराचा नीट आठवणा नाय गो. बांयपासून किती पावलां?’

तिने डोळे मिटले, मनाने विहिरीपाशी उभी राहिली, आणि तिला कशाचीही आठवण काढावी लागली नाही. जिभेवरही जुनी बोली आपली आली. ‘छत्तीस. बाबांची पावलां हां, माजी नाय. खालच्या अंगाक. दार दर्याकडे.’

‘छत्तीस. बरा. मगे थंय आधी चुनो मारतंय, तुजा घर पयला.’

एकेचाळिसांच्या यादीत बेचाळिसावी आखणी दिसली असती तर पहिल्याच दिवशी कुणी अधिकाऱ्याने विचारलं असतं, हे कुणाचं. आणि तिने लिहून दिलं होतं, की हे कुणाचंच नाही.

‘नको काका,’ ती म्हणाली. ‘थंय चुनो मारू नकात. तुमची जाळी सुकत घाला. जागा वाऱ्यावर आसा, बेगीन सुकतली.’

‘जाळी?’ म्हातारा गोंधळला. ढोलाच्या आवाजात त्यांना नीट ऐकू आलं नाही असं वाटून त्यांनी कुणाला तरी दटावलं, आणि मग परत विचारलं, ‘आनी तू येतलंस तेव्हा गो?’

‘तेव्हा एका दिवसापुरती जाळी उचला,’ शोभना म्हणाली.